ट्रकमधली दुसरी खोली

फुप्फुसाच्या कॅन्सरची तपासणी करून घ्यायला आलेला माणूस सिगारेट सोडायच्या तयारीनंच आलेला असणार, असं बहुतेकांना वाटतं. माझ्या नोकरीबद्दल ऐकलं की नाशिक-पुण्याचे नातेवाईकही हेच म्हणतात. "मग सोपंच आहे की तुझं काम. एवढी भीती बसल्यावर कोण ओढेल?" भीती बसते, यात शंका नाही. पण चाळीस वर्षं सिगारेट ओढणाऱ्या माणसाला भीती वाटली की त्याचा हात आधी खिशातल्या पाकिटाकडेच जातो. तपासणीला आलेल्या कित्येकांनी दाराबाहेर शेवटचा झुरका मारलेला असतो, आणि तो वास कोटाला घेऊनच ते आत येतात.

मी मूळची नर्स. शिक्षण नाशिकला झालं, आता बरीच वर्षं इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशरमध्ये राहते. लोकांना सिगारेट सोडायला मदत करणं हे माझं काम आणि ते मी एका ट्रकमध्ये बसून करते. ट्रकच्या एका भागात सीटी स्कॅनर आहे. त्याला लागून एक छोटी खोली आहे, दोन खुर्च्या आणि एक टेबल मावेल एवढी. स्कॅन झाला की माणूस त्या खोलीत माझ्यासमोर येऊन बसतो. बसलंच पाहिजे अशी सक्ती नाही, पण बहुतेक जण बसतात.

ही ट्रकची पद्धत इथे रुजवण्यात मँचेस्टरचा मोठा वाटा. २०१६ साली तिथल्या डॉक्टरांनी स्कॅनर ट्रकमध्ये बसवला आणि तो ट्रक गरीब वस्त्यांमधल्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये नेऊन उभा केला. ज्यांना धोका सगळ्यात जास्त, तेच हॉस्पिटलची पायरी सगळ्यात कमी चढतात, हे त्यांना ठाऊक होतं. तिथे स्कॅन झालेल्या साधारण दर ३३ माणसांमागे एकाला कॅन्सर सापडला, आणि सापडलेल्यांपैकी ८० टक्के पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यातले होते, म्हणजे बरे होण्याची चांगली आशा असलेले. एरवी हा रोग लक्षात येतो तोच पसरल्यावर, कारण फुप्फुस आतून दुखत नाही. त्याआधी अमेरिकेत ५३ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०११ मध्ये आला होता. वर्षाला एक असे तीन वर्षं कमी मात्रेचे सीटी स्कॅन केले, तर साध्या एक्स-रेच्या तुलनेत फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होतात, असं त्यात दिसलं. हे सगळं बघूनच २०२३ मध्ये इंग्लंडच्या सरकारनं ही तपासणी देशभर न्यायचं जाहीर केलं. वय ५५ ते ७४ आणि आयुष्यात कधी ना कधी सिगारेट ओढल्याची डॉक्टरकडे नोंद, अशांना पत्र येतं. आधी प्रश्न विचारून धोका किती ते ठरवतात आणि तो जास्त असेल तरच स्कॅन करतात. स्कॅनला काही सेकंद पुरतात. श्वास रोखून धरायचा, सोडायचा, झालं.

आणि मग माझी खोली.

पहिलं वाक्य फार जपून बोलावं लागतं. समोरच्यानं ते ऐकायच्या आधीच मनात उत्तर तयार ठेवलेलं असतं. एक गृहस्थ आले होते, पूर्वीचे कोळसा कामगार. १९८४-८५ च्या खाण कामगारांच्या संपात त्यांचं ऐन तारुण्य गेलं. संपानंतर खाण बंद पडली, मग गोदामात नोकरी. खुर्चीत बसले आणि हाताची घडी घालून म्हणाले, "बोल पोरी, काय बोलायचंय ते. माझी फुप्फुसं खाणीनं खाल्ली आहेत, सिगारेटनं नाही." खाणीच्या धुळीचा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. मी ते कबूल केलं, खाणीबद्दल विचारलं, आणि बराच वेळ ते खाणीबद्दलच बोलत राहिले. खाणीत काडी पेटवायला बंदी, त्यामुळे खाली असताना तंबाखू चघळायची आणि वर आलं की पहिली सिगारेट. ती पहिली सिगारेट म्हणजे आजही जिवंत वर आल्याचा आनंद, असं ते म्हणाले. ज्या गोष्टीशी असा आनंद जोडला गेलाय ती सोडा म्हणून सांगणं किती मोठं मागणं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

या पिढीला सिगारेट लागली कशी, हेही ध्यानात घ्यायला हवं. आज साठीत असलेली ही माणसं सोळाव्या वर्षी गिरणीत नाहीतर खाणीत जाऊ लागली. टीव्हीवरच्या सिगारेटच्या जाहिराती १९६५ मध्येच बंद झाल्या होत्या, पण बाकी सगळीकडे मोकळीक होती. बसच्या वरच्या मजल्यावर, सिनेमागृहात, विमानात लोक ओढत. पबमध्ये तर २००७ मध्ये कायदा येईपर्यंत समोरचा माणूस धुरातूनच दिसायचा. जिच्यावाचून चारचौघांत बसताच येत नव्हतं, ती त्यांनी धरली. आता त्यांच्याकडे बघून "कळत होतं तरी ओढली" म्हणणारे लोक त्या काळात नव्हते, म्हणून त्यांना तसं म्हणणं सोपं जातं.

स्कॅनला येणाऱ्यांच्या मनात सोडण्याबद्दल नेमकं काय असतं? २०१५ साली अमेरिकेत याचा एक छोटा पण फार मोलाचा अभ्यास छापून आला. माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत ज्यांना हा स्कॅन देऊ केला होता, अशा सिगारेट ओढणाऱ्या ३७ जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या होत्या. तपासणीमुळे आपल्या तब्येतीचा विचार मनात आला, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. पण जवळजवळ निम्म्यांच्या बाबतीत सोडायची निकड उलट कमी झालेली दिसली. आता लक्ष ठेवलं जातंय, काही निघालंच तर वेळेत सापडेल, मग घाई कशाला, असा तो विचार. जणू तपासणीच आपलं रक्षण करणार. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला धक्का बसला नाही, कारण हीच वाक्यं मी खोलीत ऐकली होती.

एक बाई आठवतात. नवऱ्याला पक्षाघात झालेला, दिवसरात्र त्याचं सगळं करायचं. मागच्या दारी पायरीवर बसून ओढलेली सिगारेट हीच त्यांच्या दिवसातली एकटीची वेळ. त्यांचा पहिला स्कॅन स्वच्छ आला होता. पत्र पर्समध्ये घडी करून ठेवलं होतं, ते त्यांनी काढून टेबलावर ठेवलं. "क्लिअर आहे की गं. इतकी वर्षं ओढून काही झालं नाही, म्हणजे मला ती लागू पडत नसावी." मी पत्राचा खालचा परिच्छेद त्यांना वाचून दाखवला. त्यात एम्फिसीमाच्या खुणा असल्याचं लिहिलं होतं. कॅन्सर नव्हता, पण फुप्फुसाच्या नाजूक पिशव्या फाटायला सुरुवात झाली होती. "हे मी वाचलंच नाही," त्या म्हणाल्या. का वाचलं नाही ते मला समजू शकतं. ज्या एका शब्दासाठी काही आठवडे जीव टांगणीला लागला होता, तो शब्द पत्रात नाही हे दिसल्यावर पुढचं कोण वाचतं?

मधल्या वाटेवर अडकलेल्यांची स्थिती सगळ्यात अवघड. स्कॅनमध्ये एखादी बारीक गाठ दिसते, काही मिलिमीटरची. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, जुन्या संसर्गाच्या खुणा असतात. पण खात्रीसाठी तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायचा असतो. हे तीन महिने काही जणांच्या आयुष्यातला सिगारेट सोडण्याचा सर्वांत पक्का काळ ठरतात. स्कॅनमध्ये काही संशयास्पद निघालं तर सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, असं त्या मोठ्या अमेरिकन चाचणीच्या आकड्यांतही दिसलं. पण याच तीन महिन्यांत दिवसाच्या दहाच्या वीस झालेली माणसंही मी पाहिली आहेत. रात्रीची झोप गेली की खिडकी उघडून करणार काय?

मग वाटतं, पत्रातले शब्द पुरत नसतील तर चित्र दाखवावं. प्रत्येकाला त्याच्याच फुप्फुसाचा, त्याच्याच हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेल्या कॅल्शियमचा फोटो दाखवला तर? यॉर्कशरमध्येच हा प्रयोग झाला. लीड्समधल्या तपासणीच्या ट्रकवर सिगारेट सोडवणारे सल्लागार बसवले, आणि काही जणांना नेहमीच्या मदतीबरोबर त्यांच्या स्वतःच्या स्कॅनच्या चित्रांची पुस्तिका दिली. बाकीच्यांना नुसती मदत. तीन महिन्यांनी चित्रं बघितलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनी सिगारेट सोडली होती. आणि चित्रं न बघितलेल्यांतही प्रमाण जवळजवळ तेवढंच होतं. चित्रांनी खास फरक पडला नाही. या निकालानं पुष्कळांची निराशा झाली असेल, मला मात्र त्यातून फार धीर आला. वर्षानुवर्षं ओढणाऱ्या, कैकदा सोडून पुन्हा धरलेल्या माणसांपैकी एक तृतीयांश, तेही दोन्ही गटांत! दोन्ही गटांना समान मिळालं होतं ते एवढंच: ट्रकवरच बसलेलं माणूस, हातात दिलेली निकोटीनची पॅच नाहीतर गोळी, आणि पुढच्या आठवड्यात येणारा फोन. त्याच ट्रकवर सल्लागाराला भेटायला दर दहांपैकी जवळजवळ नऊ जण तयार झाले होते. लोकांना सोडायचंच नसतं, हा समज यापुढे टिकू नये.

म्हणजे फरक कुठे पडतो, तर भीतीतून वाट काढायला शेजारी कोणी आहे की नाही, तिथे. नुसत्या भीतीनं माणूस आक्रसतो. खोलीत मी छातीचा फोटो समोर ठेवत नाही. आधी एक नळी देते, तिच्यात फुंकायचं. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड किती ते यंत्रावर आकड्यात दिसतं. हा आकडा मला आवडतो, कारण तो दोन दिवसांत उतरतो. फुप्फुसाचं नुकसान भरून निघायचं नसेल, पण हा आकडा आज पंचवीस असेल तर सोडल्यावर दोन दिवसांत दोन-तीनवर येतो. हरत आलेल्या माणसाला चटकन जिंकता येईल असं काहीतरी हवं असतं.

"आता उशीर झाला" हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकते. अर्ध्या गोवऱ्या मसणात गेल्यावर काय सोडायचं, असं माझे मामा म्हणायचे, तसंच. त्यावर माझ्याकडे एक उत्तर आहे, आणि ते मी अगदी मनापासून देते. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवला. डॉल स्वतः तोवर ओढत होते, आकडे बघून त्यांनी सोडली. मग १९५१ पासून त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांवरच लक्ष ठेवलं, पन्नास वर्षं. २००४ मध्ये निष्कर्ष छापला, तेव्हा कळलं की तिशीत सोडणाऱ्याचं आयुष्य ओढत राहणाऱ्यापेक्षा साधारण दहा वर्षांनी वाढतं, चाळिशीत सोडलं तर नऊ, पन्नाशीत सहा. आणि साठाव्या वर्षी सोडलं तरी तीन. तीन वर्षं! माझ्यासमोर बसलेल्या साठीतल्या माणसाला मी विचारते, तीन वर्षांत काय काय होऊ शकेल? एकानं लगेच सांगितलं, नात शाळेत जाऊ लागेल.

आणि स्कॅन आहे म्हणून सोडायची गरज नाही, या समजाला तर त्याच अमेरिकन चाचणीनं उत्तर देऊन ठेवलंय. सात वर्षं सिगारेटपासून दूर राहिलेल्यांना, सीटी स्कॅन न होताही, मृत्यूच्या धोक्यात जवळपास तेवढीच घट मिळाली जेवढी स्कॅननं मिळते, म्हणजे २० टक्के. ज्यांनी पंधरा वर्षं सोडलेली आणि ज्यांचा स्कॅनही होत होता, त्यांच्यात फुप्फुसाच्या कॅन्सरनं मरण्याचं प्रमाण ३८ टक्क्यांनी कमी. एकाच्या बदल्यात दुसरं, असा हा सौदा नाही.

पण आकड्यांच्या आधी एक गोष्ट आडवी येते. लाज. मामांचं सांगते. सिन्नरचे. तिथे घरोघरी बिड्या वळल्या जायच्या, मामींच्या मांडीवरही सूप असायचं. मामा बिडी ओढायचे. खोकला सुरू झाला तेव्हा आधी टीबी म्हणून औषधं झाली, आपल्याकडे अनेकांच्या बाबतीत होतं तसंच, आणि त्यात कित्येक महिने गेले. शेवटी जेव्हा खरं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, बिडी ओढता का? मामा म्हणाले, "छे, कधीच सोडली." मी शेजारी उभी होते, त्यांच्या सदऱ्याच्या खिशात बंडल दिसत होतं. त्यांना डॉक्टरांना फसवायचं नव्हतं. भेटायला येणारा प्रत्येक जण ओट्यावर बसून "स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं" म्हणून जात होता, ते त्यांच्या कानावर पडत होतं. ज्या रोगात माणसाला सगळ्यात जास्त मायेची गरज, त्यात आपण त्याला आरोपी करून उभं करतो. हृदयविकार झालेल्याला आपण आधी जेवणाचा हिशोब विचारत नाही. मला याचा राग येतो, आजही. मामींना तर कोणी विचारलंच नाही की बाई, तंबाखूची धूळ तुमच्याही छातीत जाते का.

इथेही वेगळं नाही. "माझ्यासारख्यावर सरकारनं का पैसे घालवावेत?" असं म्हणणारे भेटतात. स्कॅनच्या पलंगावरून उतरताना माफी मागणारे भेटतात. सुरुवातीच्या वर्षांत निमंत्रणाच्या पत्रात फुप्फुसाची तपासणी असं साधं लिहिलेलं असायचं, कॅन्सर हा शब्द पुढे केलेला नसायचा, ते याचसाठी. तरीही बोलावलेल्यांपैकी पुष्कळ जण येत नाहीत, आणि न येणाऱ्यांत अजून ओढणारे जास्त असतात. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच घरी राहतात.

मदतीच्या साधनांबद्दल एक घरचा वाद सांगायला हवा. पॅच, च्युइंगगम, गोळ्या यांच्याबरोबर आम्ही व्हेपही देतो, म्हणजे धुराऐवजी निकोटीनची वाफ देणारी ई-सिगारेट. २०२३ मध्ये तर सरकारनंच दहा लाख लोकांना सिगारेटच्या बदल्यात व्हेप द्यायची योजना जाहीर केली. भारतात २०१९ पासून त्यावर कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे माझ्या भावाला हे ऐकून धक्काच बसला. कधी न ओढणाऱ्या पोरांच्या हातात व्हेप जाऊ नये, हे मलाही पटतं. पण चाळीस वर्षं जळता धूर आत घेतलेल्या माणसासाठी धूर थांबणं ही फार मोठी गोष्ट आहे. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड धुरातून येतात. निकोटीन तलफ लावतं. दोन्ही एका दिवशी सुटलं नाही, तर आधी धूर सुटू दे, असं मी म्हणते.

महाराष्ट्रात असे ट्रक फिरावेत का, असं मला हमखास विचारतात. मला तसं वाटत नाही, निदान आत्ता तरी. टीबीच्या जुन्या खुणा इतक्यांच्या छातीत आहेत की स्कॅनमध्ये गाठीच गाठी दिसतील आणि अनेकांना विनाकारण सुया टोचाव्या लागतील. शिवाय आपल्याकडची तंबाखू मुख्यतः धुराची नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले साधारण २४ टक्के प्रौढ तंबाखू चघळणारे, मिश्री लावणारे निघाले, ओढणारे चार टक्क्यांच्या आत. आपला स्कॅनर म्हणजे टॉर्च आणि तोंड उघडायला सांगणारी आरोग्यसेविका. तिरुवनंतपुरमला झालेल्या मोठ्या अभ्यासानं २००५ मध्ये दाखवून दिलंय की तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांचं तोंड नुसतं डोळ्यांनी नीट तपासत राहिलं, तरी तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू त्यांच्यात साधारण एक तृतीयांशानं कमी होतात. गावातल्या शिबिरात तोंड बघून झालं, पांढरा चट्टा नाही म्हटलं, की तीच माझ्या खोलीतली वाक्यं ऐकू येतील. "काही नाही ना? मग चालू दे." आणि तिथे पुढची खुर्ची नसते. शिबिराची रांग मागून ढकलत असते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट आहे. पण कागदावर दिलेला नंबर आणि समोर बसून लावून दिलेला फोन यांत फार अंतर आहे. शिबिर घेणाऱ्यांनी टॉर्चइतकाच त्या एका खुर्चीचा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. इथेही प्रत्येक ट्रकमध्ये दुसरी खोली नसते. पैसे कमी पडले की आधी तिच्यावर गदा येते, पत्रक छापून भागवलं जातं.

इंग्लंडमध्ये दोन वर्षांनी पुन्हा स्कॅनला बोलावतात. त्या सुमारास मी माझ्याकडे येऊन गेलेल्यांना फोन करते, आणि काही जण फोन उचलत नाहीत. ज्यांनी सोडून पुन्हा धरली, ते बहुधा. मागच्या महिन्यात एकानं तिसऱ्या वेळी उचलला. बराच वेळ हवापाण्याचं बोलला, मग म्हणाला, "सोडली होती मी, तुला ठाऊक आहे. बायको गेली आणि पुन्हा सुरू झाली. या वेळी राहू दे. तुला काय तोंड दाखवू?"

मी म्हटलं, "स्कॅन हे सोडल्याचं बक्षीस नाहीये. सोडली असती तरी बोलावलं असतं, नाही सोडली तरी बोलावतेय. मंगळवारी साडेदहा वाजता, मागच्या वेळचंच पार्किंग."

"त्या नळीत फुंकायला लावशील?"

"तुम्हाला हवं असेल तर."

"लाव," तो म्हणाला. "किती झालाय ते कळू दे तरी."